प्रौढ आशयाचे संगीत नाटक आणि बालप्रेक्षक : 'शारदा', 'एकच प्याला' व 'घाशीराम कोतवाल' यांच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

बीजशब्द : संगीत नाटक, बालप्रेक्षक, प्रौढ आशय, परिनिरीक्षण, बालविवाह, कौटुंबिक नाट्यानुभव

प्रस्तावना

मुलांना कोणते नाटक दाखवावे आणि कोणते दाखवू नये, हा प्रश्न मराठी मध्यमवर्गीय घरांत वारंवार विचारला जातो. नाटक संगीतप्रधान असेल तर तो अधिक गुंतागुंतीचा होतो. गद्य नाटकातील संवाद मुलाला कळला नाही तर तो विसरला जातो. पदाचे तसे होत नाही. अर्थ उमगण्याआधीच चाल कानात बसते आणि शब्द तोंडपाठ होतात. त्यामुळे संगीत नाटकाचा आशय मुलापर्यंत मागाहून, कधी कधी अनेक वर्षांनी पोहोचतो. प्रस्तुत लेखात १८९९ ते १९७२ या काळातील तीन नाट्यकृतींच्या आधारे या प्रश्नाचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संगीत शारदा' (१८९९), राम गणेश गडकरी यांचे 'एकच प्याला' (१९१९) आणि विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' (१९७२) या त्या कृती होत. यांपैकी तिसरी कृती रूढ अर्थाने संगीत नाटक नव्हे. तथापि तिची संपूर्ण रचनाच गायन व नृत्य यांवर उभी असल्याने ती येथे विचारात घेतली आहे.

या तिन्ही नाटकांचा आशय प्रौढ मानला जातो. बालविवाह, मद्यपान व घरातील हिंसा, सत्तेसाठी होणारा मुलीचा सौदा हे त्यांचे विषय आहेत. परंतु तिन्हींत बळी पडणारी व्यक्ती मूल किंवा अल्पवयीन मुलगी आहे, ही बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. ज्यांना हे दाखवू नये असे म्हटले जाते, त्यांच्याच वाट्याला येणारे दुःख या नाटकांत आले आहे. हा विरोधाभास प्रस्तुत विवेचनाचा मध्यवर्ती मुद्दा आहे.

रंगभूमी आणि बालवय : पूर्वपीठिका

विष्णुदास भावे यांच्या 'सीतास्वयंवर' (१८४३) या नाटकापासून आणि विशेषतः अण्णासाहेब किर्लोस्कर यांच्या 'संगीत शाकुंतल' (१८८०) या नाटकापासून मराठी प्रेक्षकवर्ग घडत गेला. त्या काळी प्रयोग रात्री उशिरा सुरू होत आणि पहाटेपर्यंत चालत. 'बालनाट्य' असा स्वतंत्र प्रकार अस्तित्वात नव्हता. जे नाटक मोठ्यांचे, तेच लहानांचे. आईच्या मांडीवर झोपी गेलेले आणि ओळखीचे पद सुरू होताच जागे झालेले मूल हाही त्या काळच्या नाट्यगृहाचा एक प्रेक्षक होता.

मुले केवळ प्रेक्षागारात होती असे नाही. ती रंगमंचावरही होती. स्त्रिया रंगभूमीवर येत नसल्याने कोवळ्या आवाजाच्या मुलांना नाटक मंडळ्यांत घेऊन स्त्रीभूमिकांसाठी तयार केले जाई. नारायण श्रीपाद राजहंस तथा बालगंधर्व (जन्म १८८८) १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले तेव्हा जेमतेम सतरा वर्षांचे होते. केशवराव भोसले (जन्म १८९०) तर बालवयातच शारदेच्या भूमिकेने प्रसिद्धीस आले. म्हाताऱ्याशी लग्न लावले जात असलेल्या मुलीची व्यथा एक मुलगाच गाऊन दाखवत होता. मुलांनी असे नाटक पाहावे काय, हा प्रश्न विचारण्यापूर्वी मुलेच ते करीत होती, हे ध्यानात ठेवावयास हवे.

शासनाची दृष्टी

मुलांचे संरक्षण हे वासाहतिक शासनाच्या नाट्यनियंत्रणाचे प्रयोजन नव्हते. १८७६ च्या नाट्यप्रयोग कायद्याने बदनामीकारक, राजद्रोही अथवा अश्लील प्रयोगांना मनाई करण्याचा अधिकार सरकारला दिला. प्रेक्षकाच्या वयाचा विचार त्यात नव्हता. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे 'कीचकवध' (१९०७) हे गद्य नाटक या संदर्भात बोलके आहे. त्यात स्त्रीच्या विटंबनेचा प्रसंग आहे. पण १९१० मध्ये त्यावर बंदी आली ती त्या प्रसंगामुळे नव्हे, तर त्यामागील राजकीय रूपकामुळे. सत्तेला मुलाच्या मनापेक्षा स्वतःच्या आसनाची काळजी अधिक होती. १८७६ चा हा कायदा २०१८ मध्ये रद्द झाला.

चित्रपटाची वाट वेगळी ठरली. १९५२ च्या चलच्चित्र कायद्यान्वये केवळ प्रौढांसाठी असलेल्या चित्रपटांचे वेगळे प्रमाणपत्र कायम झाले, १९८३ पासून पालकांच्या मार्गदर्शनाची मधली श्रेणी आली आणि २०२३ च्या दुरुस्तीने त्या श्रेणीचे सात, तेरा व सोळा वर्षे असे तीन टप्पे केले. महाराष्ट्रात नाट्यसंहितेचे पूर्वपरिनिरीक्षण होत आले असले, तरी अशी तपशीलवार वयोरचना रंगभूमीवर रुजली नाही. परिणामी निर्णयाचा भार घरावर, म्हणजे आईवडिलांवर व आजीआजोबांवर राहिला.

'शारदा' : मुलीच्या बाजूने उभे नाटक

'शारदा' रंगभूमीवर आले त्यापूर्वी आठ वर्षे, १८९१ मध्ये, संमतिवयाचा कायदा संमत होऊन मुलींचे संमतिवय दहावरून बारा वर्षे झाले होते. त्या विधेयकावरून महाराष्ट्रात तीव्र वादंग माजले. लोकमान्य टिळकांनी परकीय सरकारच्या हस्तक्षेपाला विरोध केला, तर सुधारकांनी विधेयकाचा पुरस्कार केला. वृत्तपत्रांतील हा वाद प्रौढ पुरुषांचा होता. देवलांनी तोच विषय एका घरात आणून ठेवला. पैशाच्या लोभाने मुलगी म्हाताऱ्याला देऊ पाहणारा कांचनभट, तिचा नियोजित वर भुजंगनाथ, मध्यस्थी करणारा भद्रेश्वर, असहाय आई इंदिराकाकू आणि अन्यायाला विरोध करणारा तरुण कोदंड ही पात्रे प्रेक्षकाला ओळखीची वाटावीत अशीच आहेत.

या नाटकाचे वैशिष्ट्य असे की, ते घटनेकडे मुलीच्या बाजूने पाहते. शारदा आणि तिच्या मैत्रिणी यांच्या प्रवेशांत थट्टामस्करी आहे, लग्नाविषयीचे कुतूहल आहे आणि त्याखाली दडलेली भीती आहे. म्हाताऱ्या वराची खिल्ली उडविणारी पदे सोप्या चालीची व लहानांनाही गुणगुणता येतील अशी आहेत. मूल आधी हसते. पुढे सगोत्रतेमुळे विवाह मोडतो, शारदा जीव देण्यास निघते आणि कोदंड तिला वाचवतो, तेव्हा ज्याला आपण हसलो ते किती भयंकर होते याची जाणीव त्याच प्रयोगात होते. आत्महत्येचा प्रयत्न हा प्रसंग मुलांना दाखविण्यास आजही पालक कचरतील. परंतु तो नाटककाराने एकटा सोडलेला नाही. त्याच्या पुढे सुटका आहे आणि अन्यायाला अन्याय म्हणणारी माणसे आहेत.

१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने वधूचे किमान वय चौदा ठरविले. हरबिलास सारडा यांच्या नावावरून तो ओळखला जातो. देवलांच्या नायिकेशी त्याचे नामसादृश्य हा केवळ योगायोग आहे. आज मुलींसाठी विवाहाचे किमान वय अठरा आहे. तरीही २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील २० ते २४ वयोगटातील सुमारे २२ टक्के स्त्रियांचे विवाह अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वी झाले होते. ज्या वर्गात एखादी विद्यार्थिनी लग्नामुळे शाळा सोडते, त्या वर्गातील मुलांना 'शारदा' दाखवू नये असे म्हणणे म्हणजे त्यांना ठाऊक असलेलीच गोष्ट त्यांच्यापासून लपविणे होय.

'एकच प्याला' : बोध आणि त्याची मर्यादा

गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी निवर्तले आणि त्यानंतर महिन्याभरातच, २० फेब्रुवारी १९१९ रोजी, गंधर्व नाटक मंडळीने बडोद्यात 'एकच प्याला' रंगभूमीवर आणले. त्यातील पदे वि. सी. गुर्जर यांची आहेत. गणपतराव बोडस यांचा सुधाकर आणि बालगंधर्वांची सिंधू या भूमिका गाजल्या. बुद्धिमान वकील सुधाकर दारूच्या आहारी जातो, संसार धुळीस मिळतो, त्याच्याच हातून मूल दगावते, सिंधू मरते आणि अखेरीस तोही विष घेतो. दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांना हे नाटक बोधप्रद वाटले आणि मुलांना ते दाखवावे की नाही याविषयी फारशी शंका घेतली गेली नाही. विषय भीषण असला तरी तात्पर्य निर्विवाद होते.

तथापि नाटकाचा परिणाम केवळ तात्पर्यावर ठरत नाही. तळीराम आणि त्याच्या मद्यपी मंडळाचे प्रवेश विलक्षण विनोदी आहेत. लहान प्रेक्षकाला शेवटची शोकांतिका पेलवत नाही. तो तळीरामाची मिजास आणि त्याचे तर्कट लक्षात ठेवून घरी येतो. दुसरी अडचण सिंधूची. ती सर्व सोसते आणि मरतानाही पतीवर आळ येऊ नये म्हणून धडपडते. तिच्या पदांचा गोडवा आणि ओवीचा जिव्हाळा यांमुळे हे सोसणे सुंदर भासते. दारू वाईट, हे मुलाला कळते. पण मार खाऊनही गप्प राहणे ही थोरवी आहे, असेही त्याच्या मनात रुजू शकते. दारूविषयी पालक मुलांशी बोलतात. सिंधूच्या मौनाविषयी बोलत नाहीत. सुरक्षित मानलेल्या नाटकातच चर्चेची गरज अधिक असावी, हे येथे ध्यानी येते.

'घाशीराम कोतवाल' : दृष्टीआड राहिलेली मुलगी

'घाशीराम कोतवाल' या नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात भरत नाट्य मंदिरात झाला. प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनची ही निर्मिती जब्बार पटेल यांनी दिग्दर्शित केली; संगीत भास्कर चंदावरकर यांचे तर नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. एकोणीस प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबविले. कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन करून ते पुन्हा उभे केले आणि १९८० मध्ये युरोपच्या दौऱ्याच्या वेळी वाद पुन्हा पेटला.

कोतवाली मिळावी म्हणून घाशीराम आपली मुलगी गौरी नाना फडणवीसांच्या स्वाधीन करतो. गौरी गरोदरपणात मरते. नाना नवे लग्न करतात. घाशीरामाचा जुलूम वाढत जातो आणि शेवटी त्याला जमावाच्या हवाली केले जाते. हे ऐतिहासिक नाटक नव्हे, असे तेंडुलकरांनी स्पष्ट केले होते. तरीही आक्षेपांचा मुख्य रोख नानांच्या चित्रणावर आणि एका जातीच्या प्रतिमेवर राहिला. गौरी किती वर्षांची आहे, तिचे काय झाले, आणि प्रेक्षागारात तिच्या वयाची मुले बसली तर त्यांना काय दिसेल, हे प्रश्न त्या वादाच्या केंद्रस्थानी कधीच आले नाहीत. प्रतिष्ठा इतिहासपुरुषाची धोक्यात आली होती. मुलीची गणना नव्हती.

नाटकाच्या रचनेतही गौरी जवळजवळ मूक आहे. ब्राह्मणांची मानवी भिंत तिला झाकते आणि उघडते. कीर्तनाचा ठेका, अभंगाचा गजर आणि लावणीची लय यांच्या आवर्तात तिचे नाहीसे होणे घडते. प्रौढ प्रेक्षकाला या लयीतील उपरोध कळतो: भक्तीच्या सुरांआड काय चालले आहे, हेच नाटक दाखवते. बालप्रेक्षकाला मात्र लय तेवढी मिळते. 'शारदा' पाहताना मूल मुलीच्या शेजारी बसते. 'घाशीराम' पाहताना ते भिंतीच्या अलीकडे, टाळ्या वाजविणाऱ्यांत बसते. त्यामुळे विषय जवळजवळ एकच असूनही दुसऱ्या नाटकासाठी अधिक वयाची, आणि सोबत बसून बोलणाऱ्या वडीलधाऱ्याची, आवश्यकता आहे.

बालरंगभूमीचा उदय

१९५९ मध्ये सुधा करमरकर यांनी रत्नाकर मतकरी यांच्या 'मधुमंजिरी' या नाटकाने स्वतंत्र बालरंगभूमीचा पाया घातला. मुलांना त्यांचे हक्काचे नाटक मिळाले, ही मोठी उपलब्धी होय. परंतु त्याबरोबरच मुलांचे नाटक आणि मोठ्यांचे नाटक अशी विभागणी दृढ झाली. पूर्वी एकाच प्रयोगानंतर घरातील तीन पिढ्या एकाच नाटकाविषयी बोलत. विभागणीनंतर अवघड विषय मोठ्यांच्या वाट्याला गेले आणि त्यांवरील कौटुंबिक संवादाची एक जागा आकुंचित झाली.

निष्कर्ष

१. मराठी रंगभूमीवरील नियंत्रणाचा इतिहास मुख्यतः सत्ता, धर्म, जात आणि प्रतिष्ठा यांच्या रक्षणाचा आहे. बालप्रेक्षकाचा विचार त्यात गौण राहिला.

२. नाटकाचा विषय प्रौढ आहे एवढ्यावरून ते मुलांसाठी अयोग्य ठरत नाही. नाटक मुलाला कोणाच्या बाजूला बसविते, हा अधिक महत्त्वाचा निकष होय.

३. संगीतामुळे आशय सौम्य होतो, हा समज अपुरा आहे. पद वेदनेला वाचा देऊ शकते, तसेच अन्यायाला गोडवाही देऊ शकते.

४. २०१२ च्या लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या कायद्याने अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीला बालक मानले आहे. या दृष्टीने गौरी आणि शारदा यांच्या कथा मुलांच्या हक्कांच्याच कथा ठरतात व त्या योग्य वयात, योग्य सोबतीने मुलांपर्यंत पोहोचणे इष्ट आहे.

नाट्यगृहातून परतताना मूल जो प्रश्न विचारते, त्याला टाळाटाळीचे उत्तर मिळाले तर प्रयोग तेथेच संपतो. शारदेला वाचविण्यास कोदंड आला. गौरीला वाचविण्यास कोणीच का आले नाही, असे मुलाने विचारल्यास त्याचे उत्तर देण्याची तयारी असलेल्या पालकानेच त्याला या नाटकास न्यावे. मुलाच्या वयाइतकीच पालकाची ही तयारीही पाहिली गेली पाहिजे.