समद्विभुज त्रिकोणाचा चतुर

पाठीवर भूमितींतील आकृति घेऊन उडणारा एक चतुर युरोपांत आहे. फळ्यावर त्रिकोण काढण्यांत ज्याचा जन्म गेला, अशा माझ्यासारख्या जुन्या मास्तरास त्याचें कौतुक वाटलें तर श्रोत्यांनीं हंसूं नये.

१७६७ सालीं ऑटो फ्रीड्रिख म्यूलर या डॅनिश पंडितानें कोपनहेगनजवळील फ्रेडरिक्सडाल येथील चतुरांची यादी छापली. हा गृहस्थही एका उमराव घराण्यांतील मुलाचा शिक्षक होता. एका तपकिरी चतुराच्या पोटाच्या दुसऱ्या खंडावर त्यास पिवळा, उभट त्रिकोण दिसला, आणि ग्रीक भाषेंतून त्यानें 'समद्विभुज' अशा अर्थाचें नांव त्या चतुरास दिलें. मात्र लिहितांना त्या शब्दांतलें एक अक्षर गळालें! आजही कांहीं ग्रंथांत तें अक्षर असतें, कांहींत नसतें. विद्यार्थ्याच्या वहींत ही चूक मीं खपवून घेतली नसती.

याचे डोळे हिरवेगार, अंग तपकिरी, पंख काचेसारखे स्वच्छ. मागील पंखांच्या मुळाशीं तेवढा केशरी डाग. याचा एक तपकिरी भाऊबंद त्याच मुलखांत उडतो, आणि घोटाळा तेथेंच होतो. पण त्या दुसऱ्याचे पंख सबंध पिंगट असतात. हिरवे डोळे आणि पिवळा त्रिकोण एकत्र दिसले कीं मग शंका नको.

इंग्लंडांत हा मुख्यतः नॉर्फोक परगण्यांतील उथळ तळ्यांवर राहिला. तीं तळीं निसर्गदत्त नव्हेत. मध्ययुगांत लोकांनीं 'पीट' नांवाची जळाऊ माती खणून नेली, आणि ते खड्डे पुढें पाण्यानें भरले. म्हणजे माणसाच्या फावड्यानेंच याला घर दिलें! शेजारच्या केंब्रिजशायरमधील दलदली माणसानेंच शेतीसाठीं कोरड्या केल्या, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेथून हा नाहींसा झाला. नॉर्फोकांतही धोका होताच. याचीं पिल्लें मोठीं होईपर्यंत गोड्या पाण्यांत राहतात. आणि १९३८ च्या फेब्रुवारींत हॉर्सेजवळ समुद्र बांध फोडून आंत शिरला, तेव्हां खाऱ्या पाण्यानें तेथील जीवसृष्टीचा मोठा संहार केला.

१९८१ च्या कायद्यानें ब्रिटनमध्यें यास संरक्षण मिळालें. अलीकडे तो केंब्रिजशायरांत पुन्हां दिसूं लागला आहे, केंटमध्येंही आहे. एका विशिष्ट काटेरी पाणवनस्पतीवांचून हा राहत नाहीं, असें तिकडील जाणते समजत. नव्या जागीं पुष्कळ ठिकाणीं ती वनस्पति नाहीं, तरी हा तेथें खुशाल नांदतो आहे.