कणसरीच्या लेकी

चैत्री पौर्णिमेला डहाणू तालुक्यातील विवळवेढे येथे महालक्ष्मीची यात्रा सुरू होते. देवी मूळची डोंगरावरची. दर्शनासाठी गड चढणारी एक गरोदर बाई वाटेत मूर्च्छा येऊन पडली, तेव्हा तिचे कष्ट वाचावेत म्हणून देवीच पायथ्याशी उतरून आली, अशी कथा या भागात सांगतात. कथेची सत्यासत्यता तपासण्याचा आमचा हेतू नाही. पण राबणाऱ्या बाईसाठी देवी डोंगर उतरली. कायद्याला आणि समाजाला तेवढेच अंतर उतरायला किती काळ लागला, हा प्रश्न मात्र इतिहासाचा आहे, आणि आज आम्ही तोच आपल्यापुढे मांडणार आहोत.

डहाणू-तलासरीच्या वारली घरात नांगर पुरुषाने धरायचा, असा रिवाज. परंतु राबासाठी पालापाचोळा आणि शेण वाहायचे, रोपे लावायची, बेणणी-कापणी करायची आणि बी राखायचे, यात बाईचा वाटा मोठा. धान्याला वारली लोक कणसरी देवी म्हणतात. तिची उठबस मुख्यतः बाईच्याच हाती. उताराच्या वरकस जमिनीत नागली आणि वरई, उंच खाचरात लवकर येणारे हळवे भात, पाणी साचणाऱ्या खोलगट जागी उशिरा येणारे गरवे, अशी वाटणी. पाऊस आधी उघडला तर हळवे हाती लागते, लांबला तर गरवे तगते, दोन्ही फसले तरी वरकसावर काही उरते. हवामानाच्या लहरीपणाशी झुंजण्याच्या ज्या युक्तीची आज परिषदांतून चर्चा होते, ती या घरांत शिंक्यावर आणि कणगीत जपलेली होती.

मग ही घरे उपाशी का राहिली? कारण ज्ञान बाईचे असले तरी जमीन तिची नव्हती, नवऱ्याचीही नव्हती. पावसाळ्यात चूल थंडावली की राखलेले बी शिजवावे लागे, आणि सावकाराच्या दारी खावटीसाठी उभे राहावे लागे. लग्नासाठी कर्ज काढणारा वारली ‘लग्नगडी’ होई, आणि त्याच्याबरोबर त्याची नवी नवरीही जमीनदाराची वेठ करी. मुंबई सरकारसाठी सिमिंग्टन या अधिकाऱ्याने 1939 च्या सुमारास लिहिलेल्या अहवालात ही वेठ आणि मारहाण नोंदली गेली. पण नोंदीने वेठ थांबली नाही.

ती थांबवली वारल्यांनीच. मे 1945 मध्ये तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेची परिषद भरली, आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्या साथीने लोकांनी वेठ नाकारली. त्याच वर्षी पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागून संप झाला. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मृत्युमुखी पडले. या लढ्याची हकीकत गोदावरीबाईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहून ठेवली आहे. स्वतः एक स्त्री पुढे उभी राहिलेला हा लढा; तरी त्याच्या मागण्या मजुरीच्या आणि वेठमुक्तीच्या होत्या. जमिनीवर बाईचे नाव, ही गोष्ट अजून दूर होती.

पुढे 1948 चा कूळकायदा आला, 1 एप्रिल 1957 हा कृषकदिन ठरला. पण कुळाच्या रकान्यात नाव लागले ते बहुधा पुरुषाचे. 1986 मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरले आणि त्यानंतर शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची मोहीम काढली. नवऱ्याने आपण होऊन काही जमीन बायकोच्या नावे करावी, असे ते आवाहन होते. परंतु ज्याच्या नावावर जमीन आहे, त्यालाच ती देता येते. जंगलजमीन कसणाऱ्या वारल्याकडे द्यायला कागदच नव्हता. तो वाटा 2006 च्या वनहक्क कायद्याने उघडला. 13 डिसेंबर 2005 पूर्वीपासून प्रत्यक्ष कसत असलेली, चार हेक्टरपर्यंतची वनजमीन या कायद्याने कसणाऱ्याच्या हक्काची होऊ शकते, आणि तो पट्टा पतिपत्नी दोघांच्या नावे नोंदावा असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. ती जमीन वारसाने जाते. विकता येत नाही.

कोणी म्हणेल, कागदावरच्या नावाने पाऊस पडतो का? पडत नाही. पण पाऊस पडला नाही तर काय करायचे, हे ठरवण्याचा अधिकार नावाने येतो. शेताच्या बांधावर आंबा-काजू लावावा की नाही, गावाने मिळून बियाण्याची पेढी उभारावी की नाही, हा विचार उद्याची खात्री असलेली बाईच करू शकते. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाणे जपले, आणि 2020 मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचे ज्ञान नवे नव्हते. ते ज्ञान आहे, ही जाणीव आपल्याला उशिरा झाली.

विवळवेढ्याच्या यात्रेनंतर महिन्या-दीड महिन्यात मृग लागतो, आणि यात्रेहून परतलेल्या बायका बियाण्याचे गाठोडे सोडतात. ते गाठोडे आणि पट्ट्याचा कागद एकाच घरात, एकाच बाईच्या हाती असणे, एवढीच आमची मागणी आहे. देवी उतरली तेवढा डोंगर आपण उतरलो, असे त्या दिवशी म्हणता येईल.