पडद्याकडून रंगभूमीकडे : दुर्गा खोटे यांच्या कारकिर्दीची उलटी वाट

नटीच्या कारकिर्दीचा आलेख मांडताना इंग्रजी नाट्येतिहासातील एक आराखडा बहुधा नकळत गृहीत धरला जातो. नटी रंगभूमीवर घडते, तेथे प्रतिष्ठा मिळवते आणि मग चित्रपट त्या प्रतिष्ठेचा लाभ घेतो, असा तो क्रम आहे. पेगी ॲशक्रॉफ्ट (१९०७-१९९१) यांची कारकीर्द हे त्याचे ठळक उदाहरण. १९२६ मध्ये बर्मिंगहॅम येथे त्यांनी व्यावसायिक रंगभूमीवर पदार्पण केले, १९३० मध्ये पॉल रोबसन यांच्या ऑथेल्लोसमोर त्या डेस्डिमोना म्हणून उभ्या राहिल्या आणि १९३५ मध्ये त्यांची ज्युलिएट गाजली. त्याच वर्षीच्या हिचकॉक यांच्या ‘द थर्टीनाइन स्टेप्स’मधील त्यांची भूमिका मात्र लहान होती. ऑस्कर पारितोषिक मिळाले ते ‘अ पॅसेज टू इंडिया’ (१९८४) मधील मिसेस मूर या वृद्धेच्या भूमिकेसाठी.

दुर्गा खोटे (१९०५-१९९१) त्यांच्या जवळजवळ समवयस्क. दोघींचा मृत्यूही एकाच वर्षी, अवघ्या काही महिन्यांच्या अंतराने झाला. तरीही दुर्गाबाईंच्या कारकिर्दीला वरील आराखडा लावला तर ती अपुरी, किंबहुना उलट्या टोकाने सुरू झालेली भासते. हा उलटेपणा व्यक्तिगत योगायोग मानण्यापेक्षा दोन रंगभूमींच्या भिन्न इतिहासाचा परिणाम म्हणून पाहणे अधिक उचित ठरते.

इंग्लंडच्या व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रियांचा प्रवेश १६६० नंतरच्या काळात झाला. ॲशक्रॉफ्ट यांच्यामागे नटींची अडीचशेहून अधिक वर्षांची परंपरा उभी होती. मराठीत मात्र बालगंधर्वांची स्त्री-भूमिका विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापर्यंत स्त्रीत्वाचा आदर्श म्हणून मानली जात होती. हिराबाई बडोदेकरांच्या मंडळीने स्त्री-पुरुषांचे एकत्र प्रयोग सुरू केले होते. पुढे नाट्यमन्वंतर संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ (१ जुलै १९३३) या नाटकात ज्योत्स्ना भोळे यांच्यासारख्या स्त्रियांनी भूमिका केल्या. हे नाटक नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन यांच्या कृतीवर आधारलेले होते. तथापि सुशिक्षित, पांढरपेशा घरातील स्त्रीला नाटकमंडळीत शिकून तयार होण्याचा रूढ मार्ग तेव्हा जवळजवळ नव्हताच.

दुर्गाबाई मुंबईतील एका सॉलिसिटरच्या कन्या. सासरची आर्थिक घडी विस्कटल्यावर त्या चित्रपटाकडे वळल्या. १९३१ मधील ‘फरेबी जाल’मधील छोट्या भूमिकेनंतर प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात त्या तारामती झाल्या. पार्श्वगायनाची पद्धत तेव्हा रूढ नसल्याने गाणीही त्यांना स्वतःच म्हणावी लागली. गद्य संवाद, गाणे आणि देहबोली यांचा जो मेळ नाटकमंडळीत वर्षानुवर्षांच्या तालमीतून साधला जाई, तो त्यांनी कॅमेऱ्यासमोर आत्मसात केला. ‘अयोध्येचा राजा’ ‘आंधळ्यांची शाळा’च्या आधी सुमारे सतरा महिने प्रदर्शित झाला, ही कालक्रमाची बाब येथे लक्षणीय आहे. पुढे एकाच कंपनीला बांधून न घेता त्यांनी कोल्हापूर, कलकत्ता, मुंबई अशा ठिकाणी काम केले. ‘अमरज्योती’ (१९३६) मधील सौदामिनी ही अन्यायाविरुद्ध उठून चाचेगिरी पत्करणारी स्त्री आहे. तारामतीच्या सोशिकतेपासून सौदामिनीच्या बंडापर्यंतचे अंतर त्यांनी चार वर्षांत ओलांडले.

यानंतर मात्र चित्रपटाने त्यांच्यासाठी एक साचा तयार केला. ‘पायाची दासी’ (१९४१) मधील सासू, ‘भरतमिलाप’ (१९४२) मधील कैकेयी, ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधील जोधाबाई या भूमिका परस्परांहून भिन्न असल्या, तरी मातृत्व आणि सासूपण हेच त्यांचे क्षेत्र ठरत गेले. वयाने चाळिशीकडे झुकलेल्या स्त्रीची महत्त्वाकांक्षा पडद्याला अपवादानेच हवी होती.

ती रंगभूमीने मागितली. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यशाखेने जुन्या नाटकांचे पुनरुज्जीवन हाती घेतले, तेव्हा खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त दुर्गाबाई आनंदीबाई झाल्या. राघोबा आणि आनंदीबाई या जोडीवरील ‘मॅकबेथ’ची छाया समीक्षकांनी दाखवून दिली आहे. १९५४ मध्ये मूळ कृतीच मराठीत आली. वि. वा. शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’चे दिग्दर्शन हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाने केले. त्यात नानासाहेब फाटकांसमोर लेडी मॅकबेथची भूमिका दुर्गाबाईंकडे होती. १९०९ मध्ये ‘भाऊबंदकी’ प्रथम रंगमंचावर आले तेव्हा स्त्रीपार्टी नटांनी साकारण्याचा प्रघात होता. सत्तेची लालसा बाळगणाऱ्या या स्त्रीला आता स्त्रीचा देह आणि आवाज मिळाला, आणि तो देणारी नटी चित्रपटाने घडवलेली होती. म्हणजे पडद्याने येथे रंगभूमीकडून काही घेण्यापूर्वी रंगभूमीला तिची नायिका दिली.

दोन्ही वाटा एका ठिकाणी मात्र मिळतात. ॲशक्रॉफ्ट यांनी १९६३ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’मध्ये राणी मार्गारेटचे तारुण्यापासून वार्धक्यापर्यंतचे आयुष्य एकाच नाट्यमालिकेत उभे केले. दुर्गाबाईंनी लेडी मॅकबेथ केली ती एकोणपन्नासाव्या वर्षी. दोघींनाही प्रौढ स्त्रीचे कर्तेपण रंगमंचावर मिळाले. पडद्यावरील मोठे सन्मान मात्र वडीलधाऱ्या स्त्रीच्या रूपांना लाभले. दुर्गाबाईंना ‘बिदाई’ (१९७४) साठी फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेही सहायक अभिनेत्री म्हणूनच.

१९८३ च्या दादासाहेब फाळके पुरस्काराने दुर्गाबाईंच्या चित्रपटीय कार्याची नोंद केली. त्यांच्या अभिनयाची दखल १९५८ मध्येच संगीत नाटक अकादमीच्या पुरस्काराने घेतली होती. या दोन नोंदी स्वतंत्र कप्प्यांत ठेवल्या, तर चित्रपटाच्या इतिहासात आनंदीबाई येत नाही आणि नाटकाच्या इतिहासात सौदामिनी येत नाही. ‘मी, दुर्गा खोटे’ या आत्मचरित्राच्या शीर्षकातील ‘मी’ हे एकवचन या दोन्ही स्त्रियांना सामावून घेते. तौलनिक अभ्यासानेही त्या दोघींना एकाच कारकिर्दीत वाचावयास हवे. तसे वाचले असता इंग्रजी क्रम हा सार्वत्रिक नियम न राहता एका विशिष्ट इतिहासाचे फलित म्हणून दिसू लागतो.