मैदान कुणाला विचारून आखलं?

बचत गटाच्या बैठकीत हप्ते आणि व्याज यांचा हिशेब झाला, की बोलणं हमखास मुलांवर येतं. पोरं दिवसभर मोबाइलवर असतात, खाली सोडावं तर टेम्पो आणि टँकरची भीती. मग कुणीतरी म्हणतं, आपल्याकडे नवीन मैदान होणार आहे म्हणे. होणार असेल तर ते कसं व्हावं, हे सांगायचा हक्क आपल्याला आहे. हा हक्क कुठून आला आणि तो वापरायचा कसा, याचा थोडा इतिहास आज आम्ही तुमच्यापुढे मांडतो.

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी ही मुळात शेतीची गावं. तेव्हा खेळाचं मैदान असा वेगळा तुकडा कुणी आखत नसे. गायरान होतं, देवळापुढची मोकळी जागा होती, जत्रेचं रान होतं, बैलगाड्यांचा घाट होता. मुलगे तिथे रोज हुंदडायचे. मुलींचा खेळ मात्र सणाला बांधलेला. नागपंचमीला झाडाचा झोका, मंगळागौरीला फुगडी, हादग्याला फेर. सण सरला की पुन्हा पाणी, जळण आणि कडेवर धाकटं भावंड. मुलगी रोज खेळेल हे कुणाच्या मनातच नव्हतं, म्हणून तिच्यासाठी जागाही नव्हती.

मग कारखाने आले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. १९६२ साली राज्याचं औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपली एमआयडीसी, निघाली आणि जमिनी झपाट्याने कारखान्यांकडे गेल्या. १९७० साली नगरपालिका झाली, १९७२ साली नवनगर विकास प्राधिकरण आलं आणि १९८२ साली महानगरपालिका. मोठ्या कंपनीच्या कॉलनीत राहणाऱ्यांना शाळा आणि मैदान जवळ मिळालं. प्राधिकरणाच्या सेक्टरांतही बागांची जागा राखलेली होती. पण मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आणि पुढे परराज्यांतून आलेली कंत्राटी कामगारांची कुटुंबं राहिली चाळीत, भाड्याच्या दहा बाय दहाच्या खोलीत. त्यांच्या मुलांना मिळाला बोळ आणि रस्ता. चाकणकडे कारखाने सरकले तेव्हा तिथल्या गावांतही हेच झालं. शेताच्या जागी खोल्या उठल्या, मैदानाचं कुणी नाव काढलं नाही.

कायद्याने मात्र आपल्यासाठी एक दार ठेवलं होतं. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्याप्रमाणे शहराचा विकास आराखडा तयार झाला, की तो लोकांपुढे मांडावा लागतो, हरकती-सूचना मागवाव्या लागतात आणि सुनावणी घ्यावी लागते. त्या आराखड्यात बाग वेगळी आणि खेळाचं मैदान वेगळं दाखवलेलं असतं. हा फरक लक्षात ठेवा, कारण बागेत ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लागते आणि मुलं पुन्हा रस्त्यावर येतात. दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. आराखडा लागू झाल्यावर दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर जमीनमालक नोटीस देऊ शकतो. त्यावर ठरल्या मुदतीत पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. म्हणजे आपण गप्प बसलो तर नकाशावरचं मैदान नकाशावरूनही जाऊ शकतं. २०२५ च्या मे महिन्यात आपल्या महानगरपालिकेचा नवा प्रारूप आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा हजारो हरकती-सूचना आल्या. त्यांतल्या किती आपल्या वस्तीतल्या बायांच्या होत्या, हे प्रत्येक गटाने स्वतःला विचारावं.

लोकांना विचारून मैदानं केली तर काय होतं, याची दोन उदाहरणं सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर नेदरलँड्समधल्या अ‍ॅमस्टरडॅम शहरात मुलांना खेळायला जागा नव्हती. तिथल्या नगररचना खात्यातल्या याकोबा मुल्डर या बाईंनी लहान लहान मोकळ्या तुकड्यांवर मैदानं करायची कल्पना काढली. आल्डो फान आइक या तरुण वास्तुविशारदाने १९४७ साली पहिलं मैदान आखलं. वाळूचा हौद, लटकायला दांड्या, बसायला बाकं, एवढंच. ते पाहून इतर मोहल्ल्यांतले लोक पालिकेला पत्रं लिहू लागले, आमच्याकडेही अमुक जागा रिकामी आहे, तिथे करा. १९७८ पर्यंत अशी सातशेहून जास्त मैदानं झाली.

दुसरं उदाहरण ऑस्ट्रियातल्या व्हिएन्ना शहराचं. १९९० च्या दशकात तिथे पाहणी झाली, तेव्हा दिसलं की दहाएक वर्षांच्या पुढच्या मुली बागेत येणंच सोडून देतात. जागेसाठी मुलग्यांशी झगडावं लागायचं आणि मुली माघार घ्यायच्या. मग दोन बागा नव्याने आखल्या. आत-बाहेर करायच्या वाटा वाढवल्या, बॅडमिंटन-व्हॉलीबॉलची जागा केली, बसायची सोय केली. मुली परत आल्या. आपल्याकडेही मुलगी पाचवी-सहावीत गेली की तिचं खेळणं थांबतं आणि आपण म्हणतो, मोठी झाली. खरं तर तिच्यासाठी जागा उरलेली नसते.

परदेशाचं कशाला, आपल्या महाराष्ट्रातच ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केलं, ते मुलांच्या दारात शिक्षण नेण्यासाठी. त्यातूनच अंगणवाडी हा शब्द घरोघरी पोहोचला. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, ही शिकवण मैदानालाही लागू आहे.

आम्ही गटांत एक साधी रीत वापरतो. अंगणात रांगोळीने जागेचा नकाशा काढायचा. फाटक, झाड, गटार, रस्ता दाखवायचा. मग प्रत्येकीला पाच चिंचोके द्यायचे आणि जे हवं तिथे ठेवायला सांगायचं. मुलींना आधी बोलू द्यायचं, आयांनी नंतर. मुली स्वच्छतागृह, दिवे आणि दुसरं फाटक मागतात. आज्जी सावलीतलं बाक मागतात. दुसऱ्या पाळीला जाणाऱ्या आया म्हणतात, अंगणवाडीजवळ करा, म्हणजे एक नजर राहील. पत्र्याची घसरगुंडी एप्रिलच्या उन्हात चटके देते, तेव्हा तिच्यावर कडुलिंबाची सावली हवी. झोक्याखाली पेव्हर ब्लॉक नको, वाळू हवी. चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला आत येता यावं म्हणून उतार हवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने तो त्याचा हक्कच आहे.

हे सगळं कागदावर उतरवून सह्या-अंगठ्यांसह द्यायचं. महानगरपालिकेत असाल तर आपल्या क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि पोच घ्या. अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामं सुचवून घेण्याची पद्धत पुण्यात २००६ पासून आणि पुढे आपल्या शहरातही आली, तिचे अर्ज निघतील तेव्हा गटाने मिळून भरा. चाकणला नगरपरिषदेकडे जा. महाळुंगे, निघोजे, कुरुळीसारख्या गावांतल्या मैत्रिणींनो, ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद कायद्यात आहे. त्या सभेत मैदानाचा ठराव मांडा, तो इतिवृत्तात लिहून घ्या.

दिवे कोण लावणार, झोक्याची साखळी तुटली तर कुणाला सांगायचं, हेही त्याच कागदात विचारा. उद्घाटनाची फीत कापली की सगळे जातात. मैदान रोज बघणाऱ्या आपणच असतो. पुढच्या बैठकीला हप्त्यांच्या वहीसोबत रांगोळी आणि मूठभर चिंचोके घेऊन या, आणि मुलींना सोबत आणा.