दहा माणसं आणि दीडशे माणसं

आमचा प्रोजेक्ट सहा आठवडे मागे पडला तेव्हा वरून उत्तर आलं, 'आणखी चार जण देतो.' चौघंही हुशार होते. पण त्यांना आमचा कोड समजावून देण्यात माझे आणि माझ्या एका सहकाऱ्याचे तीन आठवडे गेले, आणि तेवढ्या काळात आम्हा दोघांचं स्वतःचं काम जवळजवळ थांबलं. पुढे फ्रेड ब्रुक्स यांचं 'द मिथिकल मॅन-मंथ' वाचलं. १९७५ सालचं पुस्तक, माझ्या जन्माच्या कितीतरी आधीचं. पण गोष्ट आमचीच.

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने 'सिस्टिम/३६०' ही संगणकांची मालिका जाहीर केली. तोवर मोठं यंत्र घ्यायचं तर बहुतेकदा जुने प्रोग्रॅम नव्याने लिहावे लागत. आता लहानमोठ्या यंत्रांवर तेच प्रोग्रॅम चालणार होते. कंपनीने सगळं पणाला लावलं होतं. यंत्रांचं काम सांभाळणारे तिशीतले ब्रुक्स नंतर 'ओएस/३६०' या ऑपरेटिंग सिस्टिमकडे आले.

तिचा आराखडा कुणी लिहायचा, हा प्रश्न होता. रचनाकारांच्या प्रमुखाकडे दहा चांगली माणसं होती. तो म्हणाला, दहा महिने लागतील. वेळापत्रकापेक्षा तीन महिने जास्त. दुसऱ्या प्रमुखाकडे दीडशे माणसं होती. तो म्हणाला, आम्ही वेळेत करू. नाहीतर माझी माणसं दहा महिने हातावर हात ठेवून बसतील. पहिल्याने बजावलं, यांनाही तीन महिने उशीर होईल आणि दर्जाही घसरेल. ब्रुक्स यांनी काम दीडशे जणांना दिलं. दोन्ही भाकितं खरी ठरली. आराखड्यात एकसूत्रीपणा नसल्याने पुढे चुका शोधण्यातच आणखी एक वर्ष गेलं, असा त्यांचा अंदाज आहे.

यामागचं गणित साधं आहे. तीन माणसांत बोलण्याच्या जोड्या तीन होतात, दहांत पंचेचाळीस आणि दीडशे जणांत ११,१७५. खड्डे खणायचे असतील तर माणसं वाढवून काम लवकर उरकतं. पण जिथे प्रत्येकाचं काम दुसऱ्याच्या कामाला चिकटलेलं असतं, तिथे प्रत्येक नवा माणूस हातांबरोबर प्रश्नही घेऊन येतो. रखडलेल्या प्रोजेक्टवर माणसं वाढवली की तो आणखी रखडतो, हा ब्रुक्स यांचा नियम इथूनच आला. पण दीडशे माणसं रिकामी बसलेली दिसणं कोणत्याही व्यवस्थापकाला सोसत नाही. चुकीच्या दिशेने का होईना, हात चाललेले बरे वाटतात.

ओएस/३६० उशिरा आली, ठरल्यापेक्षा जास्त मेमरी खाऊ लागली, खर्च अंदाजाच्या कित्येक पट झाला. तरी सिस्टिम/३६० तुफान यशस्वी झाली. त्या यशाआड ही चूक सहज लपली असती. कंपनी सोडताना थॉमस वॉटसन ज्युनियर यांनी ब्रुक्स यांना विचारलं होतं, यंत्रांपेक्षा सॉफ्टवेअरचं काम सांभाळणं इतकं अवघड का? त्याचं उत्तर म्हणून त्यांनी हे पुस्तक लिहिलं आणि त्यात 'निर्णय माझा होता, तो चुकला' हे हिशेबासकट मांडलं.

आमचा प्रोजेक्टही शेवटी पोचला, ठरल्यापेक्षा अकरा आठवडे उशिरा. नंतरच्या आढावा बैठकीत सगळ्यांनी एकमेकांचं अभिनंदन केलं. ते चार जण नेमके कशासाठी आणले होते, हे कुणी विचारलं नाही. मी त्या बैठकीत होतो. मीही विचारलं नाही.