मधुमेह आणि जेवणाऐवजी घ्यायची पावडर

इंदूरच्या औषधदुकानांत हल्ली 'मधुमेहींसाठी' असे लिहिलेले पावडरीचे डबे ओळीने मांडलेले दिसतात. याने साखर जाते का, असे सभासद वारंवार विचारतात. म्हणून ही माहिती येथे देत आहोत.

मील रिप्लेसमेंट म्हणजे नेहमीच्या जेवणाच्या जागी घ्यायचा, मोजून बनवलेला आहार. एका पुडीत ठरावीक कॅलरी, प्रथिने, जीवनसत्त्वे आणि क्षार असतात. ती पाण्यात किंवा दुधात कालवून पितात, नाहीतर गरम सूप म्हणून घेतात. यातला 'जागी' हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्याकडे हा डबा बहुधा जेवणाच्या जोडीला येतो: सकाळी पोहे-जिलबी, आणि वर एक पेला पावडर. अशाने कॅलरी वाढतात. साखर उतरण्याचे काही कारण नाही.

या आहाराला मधुमेहात वजन आले ते ब्रिटनमधील 'डायरेक्ट' या अभ्यासामुळे. न्यूकॅसलचे प्रा. रॉय टेलर आणि ग्लासगोचे प्रा. माइक लीन यांनी तो केला, आणि पहिल्या वर्षाचे निष्कर्ष २०१७ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये आले. टाइप २ मधुमेहाचे निदान होऊन सहा वर्षांहून कमी काळ झालेले, वजन जास्त असलेले आणि इन्सुलिन न घेणारे लोक त्यात होते. एका गटाला तीन ते पाच महिने नेहमीचे जेवण बंद करून रोज सुमारे ८५० कॅलरींचे शेक आणि सूप दिले. वर्षअखेर त्या गटातील १४९ पैकी ६८ जण, म्हणजे ४६ टक्के, रेमिशनमध्ये होते. रेमिशन म्हणजे औषधाशिवाय एचबीएवनसी ६.५ टक्क्यांच्या खाली राहणे. नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. ज्यांचे वजन १५ किलो किंवा अधिक उतरले, त्यांच्यापैकी ८६ टक्क्यांना रेमिशन मिळाले. यात जादू पावडरीची नाही, उतरलेल्या वजनाची आहे. यकृतात आणि स्वादुपिंडात साठलेली चरबी कमी झाली की इन्सुलिनचे काम पुन्हा सुरळीत होऊ लागते, असे टेलर यांचे म्हणणे आहे.

'पण आम्ही कुठे लठ्ठ आहोत?' असा प्रश्न येथे कोणीही विचारील. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये स्वतःचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा फोटो शेजारी शेजारी छापला होता. दोघांचा बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२! काटा सडपातळ म्हणतो आणि पोटात चरबी असते, ती ही अशी. पुढे टेलर यांच्याच गटाने बीएमआय २७ च्या खाली असलेल्या २० मधुमेहींवर ८०० कॅलरींचा आहार टप्प्याटप्प्याने करून पाहिला. १४ जण रेमिशनमध्ये गेले. संख्या लहान आहे, तरी आपल्या लोकांना ती सांगितलीच पाहिजे.

आता धोक्याचे. हा आहार मनाने सुरू करू नये. 'डायरेक्ट'मध्ये साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या पहिल्याच दिवशी थांबवल्या होत्या, पण डॉक्टरांच्या नजरेखाली. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड किंवा इन्सुलिन नेहमीच्या मात्रेत चालू ठेवून जेवण तोडले, तर साखर एकदम खाली जाते. घाम, थरथर, भ्रम, कधी बेशुद्धी. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्यांवर उपाशी राहिल्यास साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल वाढू शकते. टाइप १ मधुमेह, गर्भारपण, मूत्रपिंडाचा विकार, उतारवयातील अशक्तपणा असेल तर हा मार्ग आपला नव्हे. बद्धकोष्ठाचा त्रास बऱ्याच जणांना होतो, त्यासाठी पाणी भरपूर हवे.

डबा घेताना समोरची जाहिरात सोडून मागचा तक्ता वाचावा. एका पुडीत साधारण २०० कॅलरी आणि पुरेशी प्रथिने असावीत. 'साखर घातलेली नाही' असे लिहून घटकांत माल्टोडेक्स्ट्रिन वरच्या क्रमांकावर असेल, तर ते साखरेइतक्याच झपाट्याने रक्तात उतरते.

खरे अवघड जाते ते जेवणाकडे परतताना. 'डायरेक्ट'मध्ये दोन ते आठ आठवडे घेऊन एकेक जेवण परत आणले. तरीही दोन वर्षांनी रेमिशन ३६ टक्क्यांवर आले, आणि पाच वर्षांपर्यंत पाठपुराव्यात राहिलेल्यांत १३ टक्क्यांवर. आपल्या घरात तर पंगतीचा आग्रह आहे, शेव प्रत्येक पदार्थावर आहे. 'आम्हाला उपासाची सवय आहे' म्हणणाऱ्यांची एकादशीची साबुदाण्याची खिचडी म्हणजे निव्वळ पिष्ट. पहिले परतणारे जेवण एक फुलका, मोड आलेल्या मटकीची उसळ, पालेभाजी, काकडीची कोशिंबीर आणि पातळ ताक असे ठेवावे, आणि वाढणाऱ्याला हे आधी सांगून ठेवावे. वजन दोन-तीन किलो परत चढले की काही दिवस पुन्हा पुड्यांवर जायचे, अशी सोय त्या अभ्यासातही ठेवलेली होती. पण त्या वेळीही गोळ्यांचा हिशेब डॉक्टरांकडूनच करून घ्यावा.