वीस गुरुवार आणि राष्ट्रांचा निवाडा

हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबावा ब्रह्मचारी आणि ख्रिस्ती मिशनरी यांच्यात मुंबईच्या समुद्रकिनारी झालेला वाद १५ जानेवारी १८५७ रोजी सुरू झाला आणि २८ मे १८५७ रोजी थांबला, असे सांगतात. सभा दर गुरुवारी भरत, हेही त्यासोबत येते. एका पुस्तकातली तारीख दुसऱ्यात उतरते तेव्हा चुकाही बिनबोभाट उतरतात. म्हणून आधी पडताळा घेऊ. १ जानेवारी १८५७ हा गुरुवार होता. त्यावरून मोजत गेले की १५ जानेवारीला गुरुवार येतो आणि २८ मेलाही गुरुवारच येतो. दोन्ही वार निव्वळ योगायोगाने जुळण्याची शक्यता ४९मध्ये एक. तेव्हा या तारखा कोणीतरी सभेच्या वेळीच टिपलेल्या असाव्यात, असे धरायला हरकत नाही. दोन्ही टोके धरून गुरुवार भरतात २०.

या विसांची फाळणी आणखी बोलकी आहे. मीरतचा उठाव १० मेचा, रविवारचा. म्हणजे १७ गुरुवार शांततेतले आणि ३ उठावानंतरचे. पहिल्या सभेला किनाऱ्यावर जमलेल्या श्रोत्याला देवाचा न्याय हा शास्त्रार्थाचा विषय होता. शेवटच्या तीन सभांना आलेल्याच्या कानावर दिल्लीच्या वार्ता येऊ लागल्या असणार, कारण तारायंत्र तोवर मुंबईला पोचलेले होते.

साधने मुख्यतः दोन. पहिले इंग्रजी, १८५७ सालचेच, समुद्रकिनारी झालेल्या चर्चांचा वृत्तांत म्हणून छापलेले. ते जॉर्ज बोवेन यांचे. बोवेन अमेरिकन, १८४८ च्या जानेवारीत मुंबईत आले, मिशनचा पगार सोडून देशी वस्तीत साधेपणाने राहिले आणि ‘बॉम्बे गार्डियन’ हे साप्ताहिक चालवीत. दुसरे साधन मराठी, ‘समुद्रकिनारीचा वादविवाद’, १८७२ सालचे. बावा १८ फेब्रुवारी १८७१ रोजी वारले, म्हणजे हे पुस्तक बाहेर आले तेव्हा मुख्य वादी हयात नव्हता. पहिले साधन ताजे आहे, पण ते प्रतिपक्षाचे, आणि मराठीत बोललेले इंग्रजीत उतरवलेले. दुसरे बावांच्या बाजूचे व त्यांच्या भाषेतले, पण १५ वर्षांनी आलेले. दोघांचे जिथे जुळते तिथे विश्वास ठेवावा. जिथे एकाच पुस्तकात एक पक्ष निरुत्तर झालेला दिसतो, तिथे सावध व्हावे. वादात आपण हरलो असे आपल्याच खर्चाने छापणारा माणूस विरळा.

आता वादाचा मुद्दा, देवाचा न्याय. मत्तयच्या शुभवर्तमानातील २५ व्या अध्यायाच्या अखेरीस येशू शेवटच्या निवाड्याचे चित्र रंगवतो. मनुष्याचा पुत्र सिंहासनावर बसेल, सगळी राष्ट्रे त्याच्यापुढे जमतील, आणि मेंढपाळ मेंढरे नि शेरडे वेगळी करतो तशी तो ती उजवी-डावीकडे करील. कसोटी कोणत्याही मतपंथाची नाही: भुकेल्याला खाऊ घातले का, तहानेल्याला पाणी दिले का, उघड्याला पांघरूण दिले का, परक्याला आसरा दिला का, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस केली का. भाष्यकारांची खरी अडचण इथेच सुरू होते. जमणार राष्ट्रे, पण प्रश्न विचारले जाणार ते माणसाला विचारावेत असे. योएलच्या तिसऱ्या अध्यायात यहोशाफाटच्या खोऱ्यात राष्ट्रांचा निवाडा आहे. दानिएलच्या सातव्या अध्यायात चार श्वापदे म्हणजे चार साम्राज्ये. तिथे राष्ट्र हे राष्ट्रच आहे. हे सारे वाचायला गिरगावातल्या वाचकाला इंग्रजी यायलाच हवे असेही नव्हते. बायबलाचे दोन्ही करार १८५७ पूर्वीच मराठीत छापून झाले होते.

या भविष्यांना तारखा लावण्याचा उद्योग त्या पिढीत जोरात होता, आणि मुंबई त्यापासून दूर नव्हती. जोसेफ वोल्फ हा जर्मन ज्यू कुळातला ख्रिस्ती प्रचारक १८३३ मध्ये मुंबईत आला आणि इथे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांना भेटला. ख्रिस्ताचे पुनरागमन १८४७ मध्ये होणार असे त्याचे गणित होते. विल्सन यांचा मार्ग वेगळा. त्यांचे बिऱ्हाड नि शाळा गिरगावातल्या आंब्रोळीत. १८४३ च्या प्रारंभी ते मुंबईहून निघाले आणि इजिप्त, सिनाई, पेट्रा करीत पॅलेस्टाइनला गेले. नवख्रिस्ती पारशी धनजीभाई नौरोजी बरोबर होते. पेट्रा म्हणजे जुना अदोम देश, ज्याच्या नाशाची भाकिते यशया आणि यहेज्केल यांनी केली आहेत. अशा ओसाड जागा म्हणजे राष्ट्रांवरचा निवाडा आधीच अमलात आल्याचा डोळ्यांना दिसणारा पुरावा, हे मत स्कॉटलंडच्या अलेक्झांडर कीथ यांच्या पुस्तकाने लोकप्रिय केले होते. विल्सन यांचा प्रवासग्रंथ १८४७ मध्ये निघाला. वोल्फचे सालही तेच. एकाचे पुस्तक आले, दुसऱ्याची तारीख आली तशी गेली.

तारीख चुकली म्हणून गणिते थांबली नाहीत. लंडनचे जॉन कमिंग हे प्रसिद्ध धर्मोपदेशक १८६७ च्या सुमाराकडे बोट दाखवीत होते. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर वाद चालू असताना त्या हिशेबाने जगाची दहाच वर्षे उरली होती. पंचांग काय म्हणत होते? कलियुग ४,३२,००० वर्षांचे. १८५७ च्या पाडव्याला गतकली ४,९५८. बाकी ४,२७,०४२ वर्षे, मग कल्की. एका पक्षाला घाई असायला आणि दुसऱ्याला मुळीच नसायला एवढा फरक पुरेसा आहे! शिवाय कर्मविपाक मानणाऱ्याला निवाड्यासाठी वेगळा दिवस लागतच नाही. खाते रोज लिहिले जाते आणि जन्मोजन्मी फिटते. दोन्ही बाजूंमधली खरी दरी ही होती, असे माझे अनुमान आहे. वेद श्रेष्ठ की बायबल, हा तिच्या काठावरचा झगडा.

मग २८ मे. वाद त्याच दिवशी का थांबला? पुढचे गुरुवार ४ आणि ११ जूनचे. मुंबईत पाऊस साधारण याच दिवसांत येतो, आणि बॅक बेच्या उघड्या वाळूवर पावसाळी सभा भरत नाही. दुसरीकडे, दिल्ली बंडवाल्यांच्या हाती पडून अडीच आठवडे झालेले असताना धर्माच्या नावाने जमणारी गर्दी कोणत्या सरकारला आवडेल? कॅलेंडरवर दोन्ही कारणे सारख्याच अंतरावर उभी आहेत. मी पावसाकडे थोडा झुकतो, पण तेवढ्यावर कोणी पैज लावू नये.

त्या वर्षी किनाऱ्याबाहेरही भविष्ये बोलत होती. प्लासीची लढाई २३ जून १७५७ ची. कंपनीचे राज्य शंभर वर्षांत बुडणार अशी वदंता होती. तिच्याविषयीचे बरेचसे लेखन नंतरचे व इंग्रजांचे, त्यामुळे ती आधी किती पसरली होती याबद्दल शंका घ्यायला जागा आहे. तरी एक भक्कम खूण उरते: २३ जून १८५७ रोजीच कानपूरच्या तटबंदीवर आणि दिल्लीच्या टेकडीवर जोराचे हल्ले झाले. तारखेला कोणीतरी मान देत होते. ७ ऑक्टोबर हा ब्रिटनमध्ये राणीच्या आज्ञेने राष्ट्रीय उपासाचा आणि प्रार्थनेचा दिवस पाळला गेला. धर्मोपदेशक स्पर्जन यांच्या लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रवचनाला २३,६५४ माणसे मोजली गेली. अशा दिवसांच्या प्रवचनांचा ठरलेला युक्तिवाद असा: माणसाचा हिशेब परलोकात होऊ शकतो, पण राष्ट्राला परलोक नाही, म्हणून राष्ट्राची शिक्षा इथेच होते. हिंदुस्थानातला उठाव ही त्या अर्थाने इंग्लंडवर पडलेली छडी. मत्तयची अडचण या प्रवचनकारांनी अशी सोडवली होती.

आठच दिवसांनी, १५ ऑक्टोबरला, मुंबईच्या एस्प्लनेडवर हवालदार सय्यद हुसेन आणि शिपाई मंगल गाडिया यांना उठावाच्या कटाबद्दल तोफेच्या तोंडी दिले. पोलीस अधिकारी फोर्जेट यांनी हा कट आपण कसा उघडकीला आणला ते पुस्तकात लिहिले आहे, पण ते २० वर्षांनंतर आणि स्वतःच्या कर्तबगारीविषयी, तेव्हा तपशील जपून घ्यावा. त्या दिवसाचा वार काढला तर गुरुवार निघतो. याला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही. नोंद करून पुढे जाऊ.

आता शेवटचे साधन, आणि मला सर्वांत ओढ लावणारे. विष्णुबावांचा ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंध’. साल १८६७, म्हणजे कमिंगच्या हिशेबातले साल. त्यात बावांनी राज्य कसे असावे ते मांडले. सारी प्रजा एक कुटुंब, जमीन सर्वांची, पिकलेले धान्य गावच्या कोठारात, तिथून ज्याला लागेल त्याला अन्न. कपडेही तसेच सार्वजनिक साठ्यातून. मुले पाच वर्षांची झाली की राजाच्या हवाली, शिक्षणासाठी. या निबंधाची तुलना मार्क्सशी करण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. पण बावांचे सारे लेखन नि वादविवाद मराठीत. त्यांच्या हाताशी कोणते साहित्य होते असे विचारले तर मार्क्सच्या कम्युनिस्ट जाहीरनाम्याआधी मिशनच्या छापखान्यातले मराठी शुभवर्तमान येते. ज्याच्याशी २० गुरुवार झुंजायचे त्याचे शास्त्र बावांनी वाचले नसेल, हे संभवत नाही.

निबंध आणि मत्तय शेजारी ठेवले की अन्न-वस्त्राची कसोटी दोन्हींकडे दिसते. मात्र सारखेपणा म्हणजे उगम नव्हे. एकत्र कुटुंबाचा नमुना बावांच्या कोकणातल्या घरातच होता, आणि कुलपतीने सर्वांना जेवू घालावे हे सांगायला कोणत्याही शुभवर्तमानाची गरज नाही. शिवाय फरक मोठा आहे. मत्तयमधला राजा शेवटी येऊन विचारतो की भुकेल्याला कोणी जेवू घातले. बावांच्या राजाने ते आधीच करून ठेवायचे आहे. उपाशी माणूस सापडला तर आरोपी राजाच. राष्ट्र की माणूस या भाष्यकारांच्या पेचात बावांचा कौल निःसंशय राष्ट्राकडे पडतो, मग तो त्यांनी बोवेनना उत्तर म्हणून दिलेला असो वा नसो. १८६९ मध्ये कॅप्टन ए. फेल्प्स यांनी निबंधाचे इंग्रजी भाषांतर केले. त्यामुळे ज्यांच्या हाती तेव्हा राज्य होते त्यांनाही तो वाचता येऊ लागला.